कारखान्याचा पिवळा ठिपका

शनिवारी सकाळी अनिल देशिंगकर गॅरेजमध्ये जाऊन नील व्हायचा. स्वयंपाकघरातून निघायचा तेव्हा तो चांगला सांगलीचा अनिल असायचा. गाडीची सीट ज्या पट्टीवरून पुढेमागे सरकते, त्या पट्टीची ड्रॉइंग वीस-बावीस वर्षं काढणारा, पोळीबरोबर तूप-गूळ मागणारा, आणि महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये ज्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरंच कोणीतरी बोलायला लागतं असा. गॅरेजचं दार वर गेलं की हा डोक्यावर बेसबॉलची टोपी चढवायचा, खिशांत अंगठे अडकवायचा आणि नाकातून इंग्रजी बोलायला लागायचा. त्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांना ‘अनिल’ म्हणणं जमत नव्हतं आणि यानेही कधी तसा आग्रह धरला नाही. त्याची बायको उल्का हे सोंग फुकटात बघत होती, आणि फुकटात बघण्याइतपतच त्याची लायकी आहे असं तिचं मत होतं.

सोंगाचं कारण गॅरेजमध्ये उभं होतं. १९७० सालची पांढरी, दोन दारांची, लांब नाकाची आणि आखूड बुडाची गाडी. अमेरिकेत या जातीला मसल कार म्हणतात. बेताच्या आकाराच्या गाडीत ट्रकच्या तोडीचं इंजिन कोंबायचं आणि सिग्नल हिरवा झाला की पुढच्या सिग्नलपर्यंत जीव खाऊन पळायचं, एवढाच त्या काळी तिचा उपयोग. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्या कंपनीचे भक्त भांडायला येतील. मिशिगनमधल्या त्यांच्या नोव्हाय गावापासून थोडं लांब, एका शेतकऱ्याच्या कोठारातून अनिलने ती २००१ साली आणली, तेव्हा तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. उल्काने तिला पुसायला जुने टॉवेल बाजूला काढून ठेवले.

"धुवायची नाहीये," अनिल म्हणाला. "अनरिस्टोर्ड आहे ती. फॅक्टरीतून बाहेर पडली तश्शी. एकदा रिपेंट केली की संपलं सगळं."

"आणि कोंबड्यांनी वर जे काही केलंय ते? तेही फॅक्टरीतलंच का?"

तेवढं मात्र त्याने धुतलं.

हळूहळू उल्काला त्या पंथाची ओळख झाली. महिन्यातून एकदा दहा-बारा पुरुष तिच्या गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर घडीच्या खुर्च्या टाकून बसायचे आणि अकलेचे तारे तोडायचे. त्यांचा मुख्य होता ग्लेन शेफर. हा जन्मभर गालिचे विकून रिटायर झालेला माणूस. गाड्यांच्या कारखान्यात त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, पण १९७० साली तिथे कोणत्या पाळीला कोण शिंकत होतं तेही आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात तो बोलायचा. त्याच्या गाडीच्या स्टेपनीत म्हणे कारखान्यातच भरलेली हवा होती. तीस वर्षांपूर्वीची, अस्सल, डेट्रॉइटची हवा. ती जाऊ नये म्हणून तो स्टेपनीला हातही लावत नसे, आणि पंक्चर झालं तर टो-ट्रक बोलवत असे. बाकीची मंडळी हे ऐकून मान डोलवायची. एकालाही हसू येत नसे, याचंच उल्काला नवल वाटायचं.

मग रंगाचे ओघळ. कारखान्यात घाई असायची, त्यामुळे रंग ओघळायचा, त्यामुळे ओघळ असेल तर गाडी खरी. इथपर्यंत ठीक. पण एकाचं म्हणणं, ओघळ सोमवारच्या गाड्यांवरच सापडतात, कारण कामगार रविवारी प्यायचे. दुसऱ्याचं म्हणणं, नाही, शुक्रवारच्या, कारण त्यांना घरी जायची घाई. यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. डेट्रॉइटच्या आसपास त्या कारखान्यांत काम केलेली हजारो माणसं जिवंत होती, पण त्यांना विचारावं असं यांच्यातल्या कोणाच्या मनात येत नसे. एकदा फक्त अशा एका म्हाताऱ्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, "मी डावी दारं बसवायचो आणि घरी जायचो. बाकीचं काही आठवत नाही बुवा." तो गेल्यावर बिचाऱ्याची स्मरणशक्ती गेली आहे असं क्लबाने एकमताने ठरवलं.

"तू इंजिनिअर ना रे?" उल्का त्या दिवशी अनिलला म्हणाली. "त्या गालिचेवाल्यापुढे मान काय डोलवतोस?"

"तुला नाही कळणार," अनिल म्हणाला. "ते ऐकतात माझं."

हे खरं होतं. त्याला मध्येच तोडायचे नाहीत. ‘नील काय म्हणतो बघू’ असं म्हणायचे. अनिलसाठी ते सगळ्या गाड्यांपेक्षा मोठं होतं, आणि हे उल्का तिरस्काराच्या भरातही विसरत नसे.

२००३ च्या पावसाळ्यानंतर सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांच्यासमोर उल्का अनिलला ‘अहो’ म्हणायची, एरवी सरळ अनिल. दसऱ्याला सासूबाईंनी सकाळीच फर्मान काढलं की घरातल्या सगळ्या वाहनांची पूजा व्हायला हवी. झेंडू कुठला मिळायला. सुपरमार्केटच्या दारात ऑक्टोबरात शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात, त्यातली एक उल्काने आणली. अनिलची ऑफिसची गाडी झाली, उल्काची व्हॅन झाली. मग ताम्हन घेऊन सासूबाई पांढऱ्या गाडीकडे वळल्या तसा अनिल आडवा आला.

"आई, हिला नको. हिचा पेंट ओरिजिनल आहे."

"मग? ही काय पाहुणी आहे? घरात ठेवलीस ना?"

"डाग पडेल गं."

"हळदीचा डाग म्हणजे काय डाग असतो होय रे?"

शेवटी तडजोड झाली. अनिलने स्वतः पुढचं झाकण उघडलं. इंजिन आणि आतली बसायची जागा यांच्या मध्ये जो उभा पत्रा असतो, त्याला हे लोक फायरवॉल म्हणतात. "इथे लाव, इथे कोणी बघत नाही," तो म्हणाला. सासूबाईंची उंची बेताची. त्या डाव्या बाजूने वाकल्या, कालवलेल्या हळदीत अंगठा बुडवला आणि पत्र्यावर तिरका ओढला. शेजारी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. अनिलने टोपी काढून हात जोडले. कोरडं कुंकू आठवड्याभरात उडून गेलं. ओली हळद त्या जुन्या, निस्तेज पांढऱ्या रंगात चांगली मुरली.

पुढच्या मार्चमध्ये सांगलीला परतल्यावर सासूबाई अचानक वारल्या. अनिल विमान बदलत पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर बरेच दिवस तो गॅरेजकडे फिरकला नाही. उल्काला त्याची खरंच कीव आली होती.

त्या उन्हाळ्यात क्लबाच्या शोमध्ये ग्लेन शेफर हातात बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन गाड्या तपासत हिंडत होता. अनिलच्या गाडीत त्याने डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग त्याने सगळ्यांना हाका मारल्या. "इन्स्पेक्टरचा मार्क! बघा! इतका शाबूत मार्क मी जन्मात पाहिला नाही!" कारखान्यात तपासलेल्या भागावर रंगाचा ठिपका मारायची पद्धत होती हे खरं, आणि एवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या खुंटीला या माणसाने अख्खा तंबू बांधला. माणसं रांग लावून सासूबाईंच्या अंगठ्याचं दर्शन घेऊन गेली.

संध्याकाळी अनिल घरी आला तो हसतच. "उल्का, त्यांना हळद इन्स्पेक्शन मार्क वाटली यार! ग्लेनने फोटो काढले!" दोघंही स्वयंपाकघरात पोट धरून हसली. आई गेल्यावर तो पहिल्यांदाच असा हसत होता.

"सांगितलंस का नाही मग?"

"अगं, एवढ्या लोकांत त्याचं तोंड कसं पाडायचं? मंडेला ईमेल करतो."

सोमवार येण्याआधीच ग्लेनने इंटरनेटवरच्या त्यांच्या चर्चेच्या पानावर फोटोसकट लांबलचक लेख टाकला. त्यावर देशभरातले दीडशहाणे तुटून पडले. ठिपका तिरका आहे, म्हणजे इन्स्पेक्टर डावखुरा असणार असं एकाने सिद्ध केलं. ओहायोतल्या एकाने त्या डावखुऱ्याचं ‘लेफ्टी’ असं बारसं केलं. तिसऱ्याला लेफ्टी दुसऱ्या पाळीत होता हे कुठून तरी कळलं. सासूबाई उजव्याच हाताने सगळं करत, फक्त त्यांना वाकायला डावीकडून सोयीचं पडलं होतं. महिन्याभरात आणखी तिघाचौघांना आपापल्या गाड्यांत पिवळे ठिपके ‘सापडले’. कोणीतरी बाटलीतून ‘इन्स्पेक्शन यलो’ विकायला सुरुवात केली. त्या पानावर जो तो लिहायचा की या विषयातलं शेवटचं वाक्य नीलचं, मिशिगनच्या नीलचं.

नीलने मेल काही पाठवली नाही.

उल्का सुरुवातीला टोचायची. "काय म्हणतोय तुमचा लेफ्टी?" अनिल आधी हसायचा, मग नुसता बघायचा, मग विषय बदलायला लागला. २००६ साली त्याच्या कंपनीने सीटच्या पट्ट्यांचा विभागच बंद केला आणि अनिल पन्नाशीत घरी बसला. सकाळी दाढी करून कॉम्प्युटरसमोर बसायचा, अर्ज पाठवायचा, फोनकडे बघायचा. त्याच सुमारास क्लबाने त्याला अनरिस्टोर्ड गाड्यांचा मुख्य परीक्षक नेमलं. आठवड्यातला एकच दिवस त्याला कोणीतरी काहीतरी विचारत होतं. म्हणून उल्काने टोचणं सोडून दिलं. गाढवांच्या कळपाला हळद पुजायची असेल तर पुजू दे, कोणाचं काय बिघडतंय, असं ती स्वतःशी म्हणायची.

बिघडायची वेळ पुढच्याच वर्षी आली, आणि तीही समोरच्या घरातून.

समोर डोलोरेस राहायची. देशिंगकर भारतात गेले की यांच्या कुंड्यांना पाणी घालणारी, बर्फात अडकलेली उल्काची व्हॅन ढकलणारी, सत्तरीची बाई. तिच्या नवऱ्याचं नाव रे, तो पोस्टात होता. व्हिएतनामहून परत आल्यावर त्याने १९७० साली एक निळी गाडी घेतली होती, अनिलच्याच गाडीची बहीण. उन्हाळ्यात रविवारी चर्चला आणि तळ्यावर, बाकी वेळ चादरीखाली. तेल आणि टायर सोडले तर तिचं काही त्याने बदललं नाही आणि कोणाला बदलू दिलं नाही. क्लबवाल्यांना तर तो ड्राइव्हवेवर उभं करत नसे. गेल्या हिवाळ्यात रे गेला.

डोलोरेस आता मुलीकडे ॲरिझोनाला चँडलरला चालली होती. तिथे फ्लॅट, गॅरेज नाही. गावातल्या छोट्या म्युझियमवाल्यांनी तिला सांगितलं होतं की क्लबाने गाडी अनरिस्टोर्ड म्हणून पास केली तर ती आम्ही कायमची ठेवू, पहिल्या मालकाच्या नावाची पितळी पट्टी लावून. नाही केली तर जवळच्या ट्रॉय गावचं एक गिऱ्हाईक तयार होतं. त्याला ती उघडून, खरवडून, नारिंगी रंगवायची होती.

"रेचं नाव इथे राहिलं तर मला बरं वाटेल," ती अनिल-उल्काच्या टेबलाशी बसून म्हणाली. "एवढंच मागणं आहे माझं."

अनिलने समोर जाऊन गाडी पाहिली आणि परत आला तो भारावून. "अनटच्ड आहे, उल्का. आपल्या गाडीपेक्षा चांगली. डोंट वरी, डोलोरेस. ऑगस्टच्या शोला आण, मी आहे."

ऑगस्टात पार्कच्या हिरवळीवर गाड्या ओळीने लागल्या. झाकणं उघडी, मालक शेजारी खुर्च्या टाकून, आणि मधून डोनट खात फिरणारे तज्ज्ञ. डोलोरेस चर्चला जाताना घालायची तो झगा घालून आली होती. उल्का तिच्याबरोबर उभी राहिली. ग्लेन आला, मागे त्याची पलटण आली. त्याने सीटा पाहिल्या, मान डोलवली. रंग पाहिला, खाली ओघळ सापडला, खूश झाला. मग बॅटरी आणि आरसा घेऊन पुढे वाकला. बऱ्याच वेळाने सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर होता.

"मार्क नाही," तो म्हणाला.

"कसला मार्क?" डोलोरेसने विचारलं.

"फायरवॉल पुन्हा रंगवलेली आहे, मॅम. काम सफाईचं आहे, पण रंगवलेली आहे. नाहीतर लेफ्टीचा मार्क असता."

"रेने कोणाला हात लावू दिला नाही हिला."

"सगळे असंच सांगतात, मॅम," ग्लेन मायेने म्हणाला. "नील, तुझं काय मत? शेवटी शब्द तुझा."

अनिलने आत पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं हे त्याला आणि उल्काला दोघांनाच माहीत होतं. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. पण ते वाक्य बोललं की लेफ्टी जाणार, लेख जाणार, तीन वर्षांचा नील जाणार, आणि शनिवारीसुद्धा नुसता अनिल उरणार. तो टोपीचं पुढचं टोक खालीवर करत राहिला.

"मार्क तर हवा," तो शेवटी म्हणाला. "मार्क नेहमी असतो."

"अनिल, काय बोलतोयस तू?" उल्का मराठीत म्हणाली.

"उल्का, आत्ता नको. प्लीज. घरी बोलू."

"घरी बोलून तिची गाडी पास होणार आहे का?" मग ती वळली आणि ग्लेनला इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या गाडीतला तो ठिपका हळदीचा आहे. स्वयंपाकातली हळद. माझ्या सासूबाईंनी पूजेला लावली. मी तिथे उभी होते."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, समजूतदार हसले, आणि उल्काला तेच जास्त झोंबलं. "मॅम," ग्लेन म्हणाला, "हा मार्क मी आतापर्यंत कितीतरी गाड्यांवर पाहिलाय. तुमच्या सासूबाई त्या सगळ्यांकडे गेल्या होत्या का?"

उल्काचं डोकं फिरलं. टायरवरची पांढरी अक्षरं घासायला कोणीतरी बादलीत कपड्यांची साबणपूड कालवून ठेवली होती. तिने कागदी रुमाल त्यात बुडवला आणि तरातरा आपल्या पांढऱ्या गाडीकडे गेली. पोरांच्या शर्टावर वरण सांडलं की साबणाखाली हळद लालभडक होते, हे कुठल्याही मराठी बाईला कोणी शिकवावं लागत नाही. "उल्का, हात लावू नकोस!" अनिल ओरडला. तोवर तिने ठिपक्याचं टोक दाबून पुसलं होतं. सगळ्यांच्या देखत पिवळ्याचं लाल झालं.

"बघा," ती म्हणाली. "कारखान्यातला रंग असा बदलतो?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी अनिलकडे पाहिलं. "नील?" ग्लेन हळू आवाजात म्हणाला. "हे काय आहे?"

अनिलचा चेहरा उतरला होता. उल्काला वाटलं, आता बोलतो. तिला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली, आणि बोललास की तुझ्याबरोबर त्या गालिचेवाल्याच्या तोंडावर हसत घरी जाईन, असं तिने मनात ठरवूनही टाकलं. अनिलने टोपी सारखी केली. खिशांत अंगठे अडकवले.

"ते जुन्या डायचं वैशिष्ट्य आहे," तो नाकातून म्हणाला. "त्या काळचा इन्स्पेक्शन डाय साबणाने लाल व्हायचा. बाटलीतला नवा रंग होत नाही. खरा मार्क आणि नकली मार्क ओळखायची हीच टेस्ट आहे."

गर्दीतून एक ‘आहा’ निघाला. माणसं पुढे सरकली. एकाने पुन्हा सांग म्हणून विनंती केली. ग्लेनने अनिलच्या पाठीवर थाप मारली, आणि मग डोलोरेसकडे वळून, अगदी वाईट वाटल्यासारखं तोंड करून, मानेनेच नाही म्हणाला. मूर्ख लोकांचा अपमानसुद्धा करता येत नाही, हे उल्काला त्या दिवशी कळलं. त्यांच्या तोंडावर मारलेलं सत्यही ते कपाटात ट्रॉफीशेजारी मांडून ठेवतात. पण ते निदान मूर्ख होते. आपला माणूस मूर्ख नव्हता.

डोलोरेसने रेच्या गाडीचं झाकण लावलं. उल्का तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. अनिल लांबून हाताने ‘थांब’ म्हणत होता, पण भोवती माणसं होती.

"सोमवारी ट्रॉयचा माणूस ट्रक घेऊन येईल," गाडी रस्त्याला लागल्यावर डोलोरेस म्हणाली. "नारिंगीच रंग देणार म्हणतो. रेला नारिंगी रंग आवडायचा नाही."

"सॉरी," उल्का म्हणाली.

"तू का सॉरी? तू खरं बोललीस. मी तुझ्या नवऱ्याचं तोंड पाहत होते." सिग्नलला गाडी थांबली. "काय मागितलं होतं त्याच्या आईने? पूजा करताना?"

उल्काला आठवायला वेळ लागला नाही. ती शेजारीच ताम्हन धरून उभी होती. देवाकडे काही मागितलंच नव्हतं त्यांनी. पत्र्यावर हात ठेवून त्या गाडीशीच बोलल्या होत्या. "माझ्या लेकाला सुखरूप घरी आणत जा गं बाई, असं म्हणाल्या होत्या," उल्काने इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. डोलोरेसने मान हलवली. सिग्नल हिरवा झाला तशी तिने गाडी पुढे काढली.

संध्याकाळी अनिल सुखरूप घरी आला. तो चिडलेला असेल, निदान खजील असेल, असं उल्काने धरलं होतं. तो आनंदात होता.

"ग्लेन म्हणतो ही साबणाची टेस्ट रूलबुकमध्ये घालायची," बूट काढता काढता तो म्हणाला. "नील्स सोप टेस्ट. माझ्या नावाने, उल्का! तू रागावलीस ते मला कळतंय. पण डोलोरेसला तर गाडी विकायचीच होती ना?"

"तो आईंचा हात होता, अनिल."

"अगं, आईने बाहेर लावलं होतं, बॉनेटवर. मी लगेच पुसलं. आतलं आधीपासूनचं आहे."

"तू स्वतः झाकण उघडलंस. ग्लेनने पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी आपण दोघं इथेच पोट धरून हसलो होतो."

"तू हसली होतीस," तो शांतपणे म्हणाला. "मी तेव्हाच विचार करत होतो, हळद एवढी टिकेल कशी?"

ती त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधत राहिली. डोळे चुकवतोय का, ओठ आवळतोय का, सत्तावीस वर्षांच्या संसारात पाठ झालेल्या त्याच्या साऱ्या खुणा तिने पाहून घेतल्या. एकही सापडली नाही. त्याला खरोखरच तसं आठवत होतं.